देवळालीची कन्सर्ट पार्टी आणि मराठी संगीत विनोदी नाटक : वाद्यमेळाच्या अंगाने एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी भाषेत दोन कारणांनी पोहोचले. मायदेशी परतण्याची वाट पाहणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या मनोवस्थेवरून 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. तसेच येथील तोफखान्याच्या करमणूक पथकावर बी.बी.सी.ने १९७४ ते १९८१ या काळात एक संगीत-विनोदी मालिका सादर केली. याच परिसरात आणि याच लोहमार्गाच्या आधाराने मराठी संगीत नाटकाची परंपराही बहरली होती. प्रस्तुत निबंधात या दोन परंपरांची तुलना त्यांच्या वाद्यमेळाच्या अंगाने केली आहे. विनोदी संगीत नाटकात वाद्यांची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून हवामान, प्रवास, खर्च, नटाचा आवाज आणि शब्द ऐकू येण्याची गरज यांनी ती ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

नाट्येतिहासाचे लेखन बहुधा नाटककार आणि नट यांच्याभोवती फिरते. मराठी संगीत नाटकाच्या बाबतीत त्यात गायकाची भर पडते. रंगमंचासमोर बसून तीन-चार तास, पूर्वी तर रात्रभर, साथ करणारा वादक मात्र या इतिहासात क्वचितच येतो. अहमदजान थिरकवाँसारखे एखादे नाव अपवाद म्हणून राहते. विनोदी नाटकाबाबत ही उपेक्षा दुहेरी ठरते. कारण विनोदाचा अभ्यास करणारे संवादाकडे पाहतात आणि संगीताचा अभ्यास करणारे रागदारीकडे पाहतात. विनोद आणि संगीत यांची सांगड प्रत्यक्षात कोणत्या वाद्यांनी घातली, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहतो.

हा प्रश्न विचारण्यास देवळाली कॅम्प हे ठिकाण अत्यंत सोयीचे आहे. येथे एका बाजूला लष्करी छावणीतील युरोपीय धर्तीचा करमणुकीचा खेळ होता. दुसऱ्या बाजूला अवघ्या काही मैलांवर असलेल्या नाशिक शहराला नाटकाची मोठी आवड होती. पुढे याच शहरातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने मराठीतील एक महत्त्वाची संगीतिकाप्रधान सुखात्मिका लिहिली. या तीनही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यास स्थानिक इतिहासाला नवा अर्थ प्राप्त होतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(अ) देवळालीतील लष्करी करमणूक पथकाच्या वाद्यमेळाचे स्वरूप समजून घेणे.
(ब) मराठी संगीत नाटकातील साथीच्या वाद्यांत झालेल्या स्थित्यंतराची कारणे शोधणे.
(क) विनोदी संगीत नाटकास कोणत्या प्रकारची साथ अनुकूल ठरते, याचा विचार करणे.
(ड) 'लेकुरे उदंड जाहली' या नाटकाचे या परंपरेतील स्थान निश्चित करणे.

३. देवळाली : छावणी, प्रतीक्षा आणि करमणूक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदर आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारा लोहमार्ग थळ घाट चढून नाशिककडे आला. मुंबईच्या दमट हवेपेक्षा कोरडी व थंड हवा, बंदराशी थेट संपर्क आणि मोकळे माळरान या कारणांनी देवळाली येथे लष्कराची संक्रमण छावणी उभी राहिली. इंग्लंडहून नव्याने आलेल्या पलटणी येथे काही दिवस थांबत आणि मग आपापल्या ठाण्यांकडे जात. नोकरीची मुदत संपलेले सैनिकही येथेच थांबून बोटीची वाट पाहत.

सैन्याची वाहतूक करणाऱ्या बोटी मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांत सुटत. त्यामुळे हंगाम संपल्यावर मुदत पुरी झालेल्या सैनिकास पुढील हंगामापर्यंत थांबावे लागे. कवायत नाही, मोहीम नाही, घरी जाण्याचा निश्चित दिवसही नाही, अशा रिकामपणाचे वर्णन फ्रँक रिचर्ड्स या सैनिक-लेखकाने 'ओल्ड सोल्जर साहिब' (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात केले आहे. या अवस्थेला सैनिकांनी 'डूलॅली टॅप' असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द म्हणजे देवळालीचा अपभ्रंश होय. दुसरा शब्द म्हणजे आपल्याला परिचित असलेला 'ताप'. इंग्रजी शब्दकोशात गेलेला हा शब्द मूळचा आपल्या गावाचा आणि आपल्या घरातल्या दुखण्याचा आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

रिकामपणावर करमणूक हा उपाय लष्कराने फार पूर्वीच ओळखला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला संघटित रूप आले. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये 'एन्सा' ही संस्था स्थापन झाली आणि तिच्यामार्फत व्यावसायिक कलावंत निरनिराळ्या आघाड्यांवर पाठविले जाऊ लागले. १९४४ मध्ये व्हेरा लिन ही गायिका हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर येऊन गेली. परंतु व्यावसायिक कलावंत सर्वत्र पोहोचणे शक्य नव्हते. त्यामुळे पलटणीतील हौशी सैनिकांमधूनच 'कन्सर्ट पार्टी' उभ्या केल्या जात. देवळाली हे तोफखान्याचे केंद्र असल्याने येथील रॉयल आर्टिलरीचीही अशी एक कन्सर्ट पार्टी होती. पुढे दूरचित्रवाणीवरील विनोदी लेखनात ख्याती मिळविणारे जिमी पेरी (१९२३–२०१६) तरुणपणी याच पथकात होते. त्यांचे सहलेखक डेव्हिड क्रॉफ्ट (१९२२–२०११) यांच्याकडे लष्करी सेवेत पुणे येथे करमणुकीच्या कामाची जबाबदारी होती.

येथे आणखी एका नावाचा उल्लेख करावा लागेल. रेडिओवरील 'द गून शो' (१९५१–१९६०) या विक्षिप्त विनोदी कार्यक्रमाचे जनक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ साली अहमदनगर येथे झाला. त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. त्यांचे वडील रॉयल आर्टिलरीत सैनिक होते आणि लष्करी करमणुकीच्या खेळांतून गात व नाचत असत. मिलिगन स्वतः महायुद्धात तोफखान्यात होते व आपल्या तुकडीच्या जॅझ मेळात ट्रम्पेट वाजवीत. नगर, पुणे आणि देवळाली या तीन छावण्यांतून विसाव्या शतकातील इंग्रजी विनोदाचा एक प्रवाह वाहिला, ही बाब महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात दुर्लक्षित राहिली आहे.

४. कन्सर्ट पार्टीचा वाद्यमेळ

कन्सर्ट पार्टी हा प्रकार ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यावरील करमणुकीच्या खेळांतून आला. लहान-लहान प्रवेश, सामूहिक गाणी, एखादे एकल गीत, नृत्य व स्त्रीवेषातील पुरुषाची भूमिका असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. सर्व कार्यक्रम एका पियानोवर उभा राही. जोडीला ढोलताशाचा छोटा संच आणि उपलब्ध असल्यास अ‍ॅकॉर्डियन, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन असे. मोठ्या वाद्यवृंदाची अपेक्षा येथे नव्हतीच.

या मर्यादेचे महत्त्व समजण्यासाठी इंग्लंडमधील संगीत सुखात्मिकेशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या १८७१ ते १८९६ या काळातील संगीतिकांसाठी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात सुमारे तीस वादकांचा वृंद असे. त्यात तंतुवाद्यांखेरीज दोन बासऱ्या, एक ओबो, दोन क्लॅरिनेट, एक बासून, दोन हॉर्न, दोन कॉर्नेट, दोन ट्रॉम्बोन आणि तालवाद्ये असत. सर आर्थर सलिव्हन हे सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयाच्या बँडमास्तरांचे चिरंजीव होते आणि बालपणीच त्यांनी बँडमधील फुंकवाद्ये हाताळली होती. जलद गतीने म्हणावयाच्या विनोदी गीतांत ते वाद्यांचा पडदा विरळ करीत. विनोद शब्दात आहे आणि शब्द ऐकू आला नाही तर विनोद मरतो, हे सूत्र त्यांनी अचूक ओळखले होते.

देवळालीच्या पथकात तीस वादक नव्हते. परंतु या सूत्राचे पालन तेथे आपोआपच होत असे. एकट्या पियानोची साथ शब्दाला झाकत नाही. पियानोवादक नटाकडे पाहून थांबू शकतो, एखादा स्वर लांबवू शकतो, प्रेक्षकांचे हसू ओसरेपर्यंत तेच दोन स्वरमेळ पुनःपुन्हा वाजवू शकतो. वाद्यवृंदाला हे स्वातंत्र्य नसते.

अडचण होती ती हवामानाची. पियानोची तार पोलादी आणि ध्वनिफलक लाकडी असतो. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि वाद्य स्वरातून उतरते. लॉरीवरून किंवा मालगाडीच्या डब्यातून नेल्यावर त्याची अवस्था आणखी बिकट होते. पियानो जुळविणारा कुशल कारागीर प्रत्येक ठाण्यावर मिळणे शक्य नव्हते. म्हणूनच हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय कुटुंबांनी, पाद्र्यांनी आणि छावण्यांतील प्रार्थनास्थळांनी पियानोला पर्याय म्हणून पत्तीच्या वाद्याचा, म्हणजेच हार्मोनियमचा स्वीकार केला. धातूची पत्ती तारेप्रमाणे सहजी सैल होत नाही. हे वाद्य पुढे आपल्या रंगभूमीवर कसे स्थिरावले, हे पाहणे अगत्याचे आहे.

५. मराठी रंगभूमीचा वाद्यमेळ : सारंगीकडून ऑर्गनकडे

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. तेव्हा सूत्रधाराच्या गायनास मृदंग, झांज अशी कीर्तनपरंपरेशी नाते सांगणारी साथ होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांच्या 'शाकुंतल' नाटकाचा प्रयोग झाला आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आले. गाणारा नट बदलला, तशी साथही बदलू लागली. सारंगी व तबला ही जोडी प्रथम आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पत्तीच्या पेटीने आपली जागा निर्माण केली.

सारंगी हे मानवी आवाजाच्या सर्वाधिक जवळचे वाद्य मानले जाते. तिच्या मुख्य तारा आतड्याच्या असतात, खाली तरफेच्या तीसहून अधिक तारा असतात आणि तबलीवर कातडे मढविलेले असते. आतडे व कातडे दोन्ही दमट हवेत सैल पडतात. मुक्काम बदलणाऱ्या नाटक मंडळीला हे वाद्य रोज नव्याने जुळवावे लागे. शिवाय एकाच नाटकात पुरुषपात्राचा आणि स्त्रीपात्राचा स्वर वेगवेगळा. काळी एकमध्ये गाणारा नायक आणि काळी चारमध्ये गाणारी नायिका लागोपाठच्या प्रवेशांत आली, तर सारंगीवादकाची कसोटी लागे. पेटीवर मात्र केवळ बोटे सरकविण्याचे काम असे.

दुसरे कारण आवाजाचे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात कनाती किंवा पत्र्याच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आधारस्वर पोहोचविणे आवश्यक होते. पायाने भाता चालविण्याची पेटी आणि तिच्यापेक्षा मृदू स्वराचा अमेरिकन बनावटीचा ऑर्गन यांत वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो, त्यामुळे भरीव स्वरपुंज निर्माण करता येत नाही. पायपेटीची ही सोय नाटकास विशेष मानवली. तिसरे कारण सामाजिक होते. सारंगीचा संबंध कोठ्यावरील गायनाशी जोडला गेल्याने पांढरपेशा प्रेक्षकांच्या मनात तिच्याविषयी अढी होती. चर्च आणि मिशनशाळांतून आलेल्या पेटीला असा डाग नव्हता.

तरीही सारंगी पूर्णपणे हद्दपार झाली नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तिच्या वैभवाच्या काळात तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ होती. ऑर्गन स्वराची भिंत उभी करी, सारंगी त्या भिंतीवर नक्षी काढी आणि तबला त्या दोहोंना गतीत ठेवी. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे स्वतः नामवंत हार्मोनियमवादक होते आणि १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या होत्या. पेटीवादकाच्या हातून नाटकाचे संगीत घडणे ही घटना वाद्यसंक्रमणाची परिणती म्हणता येईल.

पेटीला विरोधही कमी झाला नाही. तिचे स्वर ठरीव अंतरावर स्थिर असल्याने श्रुती व मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप रास्त होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. परंतु याच तीन दशकांत मराठी संगीत नाटकाची साथ ऑर्गनवरच होत राहिली. रेडिओचा श्रोता आणि नाटकाचा प्रेक्षक यांच्या गरजा भिन्न होत्या, हे यावरून स्पष्ट होते.

६. विनोदाची गरज : 'संशयकल्लोळ'चे उदाहरण

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे 'संशयकल्लोळ' हे मराठीतील संगीत प्रहसनाचे आदर्श उदाहरण होय. मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक रचले आणि त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक सिद्ध केले. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते 'संगीत संशयकल्लोळ' या नावाने रंगभूमीवर आणले. एकाच कथानकाचे गद्य व संगीत असे दोन मराठी अवतार उपलब्ध असणे, ही अभ्यासकासाठी मोठी सोय आहे.

संगीत अवतारात देवलांनी काय साधले? फाल्गुनराव व कृत्तिका या संशयी जोडप्याचा विनोद त्यांनी प्राधान्याने गद्यात ठेवला. गायनाचा मुख्य भार अश्विनशेट आणि रेवती या प्रेमिकांवर टाकला. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव संवादफेकीसाठी नावाजला गेला आणि बालगंधर्वांची रेवती गाण्यासाठी. संशय वाढत जातो तेव्हा साथ स्तब्ध असते. गैरसमजाचा एक फेरा पूर्ण झाला की पद येते आणि प्रेक्षकास विसावा मिळतो. म्हणजेच मराठी संगीत प्रहसनात विनोद आणि संगीत आळीपाळीने येतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

यामागे वाद्यमेळाचे कारण दडले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ऑर्गन, सारंगी आणि तबला हा मेळ आलापी व तानेस पोषक आहे. तो गायकास विस्तारासाठी मोकळीक देतो. 'वन्स मोअर'च्या प्रथेने ही मोकळीक आणखी वाढली. विनोदास मात्र विस्तार नव्हे, तर नेमकी वेळ लागते. एकच पद तीनदा ऐकल्यावर पुढच्या वाक्यातील कोपरखळी बोथट होते. देवलांनी ही अडचण ओळखून दोहोंची दालने वेगळी केली. त्यापूर्वी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी 'वीरतनय' (१८९६) पासून पारशी रंगभूमीवरील उडत्या चाली आणल्या होत्या. त्या विनोदास अधिक जवळच्या होत्या, परंतु रागदारीप्रेमी प्रेक्षकांचा कल पुढे पुन्हा विस्ताराकडेच वळला.

याउलट तमाशात विनोद आणि ताल एकजीव आहेत. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज हा मेळ सोंगाड्याच्या शब्दाला तत्काळ उत्तर देतो. सोंगाड्याने कोटी करावी आणि ढोलकीने त्यावर थाप मारून शिक्कामोर्तब करावे, ही रीत देवळालीच्या पथकातील पियानोवादकाच्या रीतीशी तत्त्वतः समान आहे. दोन्हीकडे वादक हा मूक साथीदार नसून प्रवेशातील एक पात्र असतो. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा' या वसंत सबनिसांच्या लोकनाट्याने हीच शक्ती नागर प्रेक्षकांसमोर आणली.

स्त्रीवेषाच्या बाबतीतही दोन परंपरांचा फरक उद्बोधक आहे. कन्सर्ट पार्टीत स्त्रीवेषातील सैनिक हा हशाचा विषय असे. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका मात्र सौंदर्याचा आदर्श म्हणून स्वीकारली गेली. साथीच्या वाद्यांनी हा फरक अधोरेखित केला. सारंगीच्या सुरावटीने भूमिकेला लालित्य दिले, तर ढोलाच्या ठोक्याने व पियानोच्या उड्यांनी वेषांतराचा विसंगतपणा उघड केला.

७. तिसरी वाट : गोमंतकीय वादक

या दोन परंपरांमध्ये सेतू बांधणारा वर्ग म्हणजे गोव्यातील ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन, व्हायोलिन आणि फुंकवाद्ये यांचे शिक्षण घेतलेले हे वादक लष्करी बँड, हॉटेलांतील जॅझ मेळे आणि मूकपटांचे वाद्यवृंद यांतून मुंबई इलाख्यात पसरले. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकासिन्यो रिबेरो यांच्या पुढाकाराने 'इटालियन भुरगो' हा कोंकणी खेळ झाला आणि तियात्र या नाट्यप्रकाराचा प्रारंभ झाला. इटालियन संगीतिकेच्या प्रेरणेतून निघालेल्या या प्रकारात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि ड्रम यांच्या साथीने विनोदी व उपरोधिक गाणी गायिली जातात. कथेशी संबंध नसलेले 'कांतार' मध्येच येते आणि चालू घडामोडींवर टीका करून जाते. रचनेच्या दृष्टीने हा प्रकार संगीत नाटकापेक्षा कन्सर्ट पार्टीच्या अधिक निकट आहे.

स्वातंत्र्यानंतर या वादकांचे कौशल्य चित्रपटसृष्टीने आत्मसात केले. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांनी भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट (१९१६–१९६७) या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाच्या मेळाचा उपयोग केला. रंगभूमीवर नाव काढू पाहणाऱ्या एका सामान्य तरुणाची ही हसतखेळत सांगितलेली कथा. मराठी संगीतकार, मराठी नट-दिग्दर्शक आणि गोव्याचा ट्रम्पेट यांच्या संयोगातून भारतीय म्युझिकल कॉमेडीचा एक नमुना सिद्ध झाला. तत्पूर्वी केशवराव भोळे यांनी प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये पियानो, व्हायोलिन व हवाईयन गिटार यांचा वापर केला होता. त्याआधी वर्षभरच, १ जुलै १९३३ रोजी, त्यांनीच संगीत दिलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात पदांची संख्या घटवून संगीताला प्रसंगाचे अंग बनविण्याचा प्रयत्न झाला होता.

८. नाशिकचे योगदान : 'लेकुरे उदंड जाहली'

नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणारे वसंत कानेटकर यांनी १९६६ मध्ये 'लेकुरे उदंड जाहली' हे नाटक दिले. गोवा हिंदु असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि श्रीकांत मोघे यांची भूमिका विशेष गाजली. अपत्य नसलेल्या दांपत्याचा नाजूक विषय येथे खेळकरपणे मांडला आहे.

या नाटकाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, देवलांनी विभक्त केलेली दोन दालने कानेटकरांनी पुन्हा जोडली. येथे संवाद बोलता बोलता यमकात शिरतो, यमकातून लयीत आणि लयीतून गाण्यात. गाणे संपले हे कळण्याआधीच पुन्हा बोलणे सुरू झालेले असते. अशा रचनेस तानेची अपेक्षा नसते, तर शब्दोच्चार स्वच्छ असणाऱ्या नटाची असते. ब्रॉडवेवरील 'माय फेअर लेडी' (१९५६) मध्ये रेक्स हॅरिसन यांनी गाण्याऐवजी तालात बोलण्याची पद्धत वापरली होती. कानेटकरांच्या प्रयोगाचे नाते त्या पद्धतीशी जुळते. मात्र ब्रॉडवेवर यामागे वृंदलेखनात निष्णात असलेले रॉबर्ट रसेल बेनेट यांच्यासारखे वाद्यरचनाकार आणि मोठा वृंद उभा होता. मराठी नाट्यसंस्थेला मोजक्या साथीदारांवर दौरे काढावयाचे होते. म्हणून येथे भार वाद्यवृंदावर न पडता छंदावर पडला. पाश्चात्य संगीतिकेत जे काम वाद्यवृंद करतो, ते कानेटकरांनी यमक आणि वृत्ताकडून करून घेतले, असे म्हणता येईल.

अभिषेकी यांनी याच सुमारास 'ययाति आणि देवयानी' (१९६६) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांना रागाधारित संगीत दिले. त्यांपैकी पहिले नाटक नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांचे आहे. एकाच वर्षी, एकाच शहरातील दोन नाटककारांसाठी एकाच संगीतकाराने दोन भिन्न प्रकृतींचे संगीत द्यावे, हा योग लक्षणीय आहे. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केले आणि जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकॅडमीने त्यात लोकसंगीत, नाट्यसंगीत व रॉक यांना एकत्र आणले. त्या मार्गावरील पहिला ठळक टप्पा म्हणून 'लेकुरे'कडे पाहावे लागते.

९. पडद्यावरील देवळाली

पेरी आणि क्रॉफ्ट यांनी लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका १९७४ पासून १९८१ पर्यंत आठ भागमालांतून व छप्पन्न प्रकरणांतून प्रसारित झाली. तिचे प्रारंभीचे कथानक देवळालीच्या कन्सर्ट पार्टीभोवती फिरते. पियानोवादक गनर ग्रॅहॅम हा त्यातील एकमेव उच्चशिक्षित सैनिक आहे, आणि साऱ्या पथकाची मदार त्याच्या वाद्यावर आहे. छावणीतील करमणुकीचे हे चित्रण तपशिलात बरेचसे प्रामाणिक मानता येते. या मालिकेतील दोन नटांनी गायिलेली एक ध्वनिमुद्रिका १९७५ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेली होती.

परंतु येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. मालिकेतील भारतीय माणूस चहावाला आहे, पंखा ओढणारा आहे किंवा बेअरर आहे. रंगीराम या बेअररची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना हिंदुस्थानी भाषा अवगत होती, तरीही पुढील काळात या गोष्टीवर टीका झाली आणि ती योग्यच होती. तथापि चेहऱ्याच्या रंगाइतकीच दुसरी एक उणीव महत्त्वाची आहे. या मालिकेच्या जगात खेळ करतात ते गोरे आणि पाहुण्यासारखे कडेला उभे राहतात ते स्थानिक. ज्या प्रदेशात देवळालीच्या सैनिकांचा पियानो वाजत होता, त्याच प्रदेशात थिरकवाँचा तबला आणि हरिभाऊंचा ऑर्गन वाजून गेला होता. छावणीच्या तारेच्या कुंपणापलीकडे विनोदी संगीत नाटकाची पाऊण शतकाची परंपरा होती, याची पुसटशी जाणीवही तेथे नाही.

आपल्या बाजूनेही हा दोष आहेच. मराठी नाट्येतिहासाने छावणीतील रंगमंचाकडे परकीयांची करमणूक म्हणून पाठ फिरविली. परिणामी बँड, पियानो, पायपेटी, ट्रम्पेट या वाद्यांचा आपल्याकडे झालेला प्रवास तुटक राहिला. लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड लष्कराकडून आला आणि नाट्यगृहातील ऑर्गन प्रार्थनागृहाकडून आला, हे आपण जाणतो. पण नाटकाच्या इतिहासात त्याची संगती लावीत नाही.

१०. निष्कर्ष

(१) देवळालीची कन्सर्ट पार्टी आणि मराठी संगीत नाटक मंडळी या दोन्ही फिरत्या, मोजक्या वादकांवर अवलंबून असलेल्या संस्था होत्या. हवामान आणि प्रवास यांनी दोघींच्या वाद्यनिवडीवर परिणाम केला. पत्तीचे वाद्य हा दोन्ही जगांचा समान दुवा ठरला.

(२) सारंगीकडून ऑर्गनकडे झालेले स्थित्यंतर केवळ परकीय अनुकरणातून घडले नाही. स्वरबदलाची सोय, आवाजाची पोच आणि सामाजिक प्रतिष्ठा ही त्याची प्रमुख कारणे होत.

(३) आलापीस पोषक वाद्यमेळामुळे 'संशयकल्लोळ'मध्ये विनोद व संगीत आळीपाळीने येतात. तमाशा, तियात्र आणि कन्सर्ट पार्टी यांत वादक विनोदाचा भागीदार असल्याने ते एकत्र नांदतात.

(४) 'लेकुरे उदंड जाहली'ने मोठ्या वृंदाशिवाय हे ऐक्य छंदाच्या बळावर साधले. नाशिकच्या सांस्कृतिक इतिहासात या नाटकाचे स्थान या दृष्टीने पुनश्च तपासले जावे.

(५) देवळालीचे पडद्यावरील चित्र अपुरे आहे. ते पूर्ण करण्याचे कार्य स्थानिक महाविद्यालयांनी हाती घ्यावयास हवे. जुन्या वादकांच्या व बँडपथकांच्या कुटुंबांतील आठवणी, जाहिरातपत्रके, वाद्यदुरुस्तीच्या दुकानांतील हिशेबवह्या आणि चर्चमधील नोंदी ही साधने एका पिढीच्या अंतरात नष्ट होतील. इतिहास व संगीत या दोन विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मौखिक इतिहासाचा एखादा लहान प्रकल्प आखला, तर ज्या साथीदारांच्या आधारावर ही रंगभूमी उभी राहिली, त्यांची नावे तरी कागदावर येतील.